तीन व्हीपीएन टनेल जोडताना

६ तारीख, सोमवार. हिशेबाच्या सर्व्हरवर एका सहकाऱ्याचं खातं सारखं लॉक होत होतं, म्हणून मी सुरक्षेचा लॉग उघडला. फसलेल्या लॉगिनच्या नोंदी दर दोन-तीन सेकंदांना एक अशा ओळीने लागल्या होत्या. नावं कुठली कुठली: अ‍ॅडमिन, टेस्ट, बॅकअप, यूजर१. पान खाली सरकवत गेले, कालची तारीख आली, परवाची आली, तरी नोंदी संपेनात. शाखांना आणि पगारपत्रक करणाऱ्या बाहेरच्या कंपनीला सर्व्हर वापरता यावा म्हणून कुणीतरी कधीकाळी रिमोट डेस्कटॉपचा, म्हणजे दुरून सर्व्हरचा पडदा वापरण्याचा, ३३८९ पोर्ट (दारक्रमांक) थेट इंटरनेटला उघडून दिला होता. तो तसाच राहिला होता.

दुपारीच साहेबांना लॉग दाखवला. ठरलं असं की दोन शाखा आणि ती कंपनी, अशी तीन साइट-टू-साइट आयपीसेक टनेल, म्हणजे दोन ठिकाणच्या नेटवर्कना इंटरनेटवरून जोडणाऱ्या कुलूपबंद वाटा, आमच्या फायरवॉलवर (नेटवर्कच्या दारावरच्या पहारेकरी उपकरणावर) उभी करायची, मगच तो पोर्ट बंद करायचा. लगेच बंद केला असता तर तिन्ही ठिकाणचं काम ठप्प झालं असतं. तोवर सगळ्यांचे पासवर्ड बदलून घेतले आणि फायरवॉलचा पूर्ण बॅकअप काढून वेगळ्या जागी ठेवला.

मी याआधी टनेल कधीच केलं नव्हतं. फायरवॉलवर नियम लिहिणं, पोर्ट वळवणं हे रोजचंच होतं. पण आयपीसेकचं पान उघडलं की त्यातले रकाने बघूनच पोटात गोळा यायचा. आता तिन्ही टनेल चालू आहेत. हेच काम ज्यांच्या पुढ्यात पहिल्यांदा येईल त्यांच्या उपयोगी पडावं म्हणून, जसं घडलं तसं लिहिते आहे.

बुधवारी ८ तारखेला लेखी मंजुरी मिळाली आणि मी प्रत्येक जागेचे पत्ते लिहून काढायला बसले. पहिली अडचण त्या कागदावरच दिसली. मुख्य कार्यालय, पहिली शाखा, दुसरी शाखा, तिन्हीकडे आतलं नेटवर्क १९२.१६८.१.०/२४, म्हणजे १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते. राउटर खोक्यातून काढला तसाच लावला की बहुतेक वेळा हेच होतं. शाखेतला संगणक १९२.१६८.१.१० ला पॅकेट (माहितीचा तुकडा) पाठवू लागला की त्याला तो पत्ता आपल्याच खोलीतला वाटतो. तो तिथेच शोध घेतो आणि पॅकेट फायरवॉलकडे जातच नाही. टनेल कितीही छान उभं केलं तरी उपयोग नाही. खासगी वापरासाठी पत्त्यांचे तीन पट्टे १९९६ च्या आरएफसी १९१८ (इंटरनेटच्या नियमांचा एक दस्तऐवज) मध्ये दिलेले आहेत आणि त्यातला १० ने सुरू होणारा पट्टा अफाट मोठा आहे. मी पहिल्या शाखेला १०.२०.१.०/२४ दिलं, दुसरीला १०.३०.१.०/२४. मुख्य कार्यालयात सर्व्हर बरेच, तिथले पत्ते हलवण्याची जोखीम आत्ता घेतली नाही.

दुसरी अडचण दुसऱ्या शाखेच्या लाइनची. बाहेरून बघितलं तर तिचा एक सार्वजनिक आयपी दिसायचा, पण तिथल्या राउटरच्या वॅन पोर्टवर, म्हणजे इंटरनेटची तार लागते तिथे, १०० ने सुरू होणारा भलताच पत्ता होता. १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा हा पट्टा आरएफसी ६५९८ ने २०१२ साली इंटरनेट पुरवठादारांसाठी राखून ठेवला. आपल्या वॅनवर त्यातला पत्ता दिसला, तर पुरवठादाराने अनेक गिऱ्हाइकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेलं असतं, आणि बाहेरून कुणी आपल्या राउटरपर्यंत स्वतःहून पोचू शकत नाही. हे काम सुरू करण्याआधी प्रत्येक जागी जाऊन, किंवा फोनवरून कुणाला तरी वाचायला सांगून, वॅनचा पत्ता तपासा. माझे निदान दोन दिवस त्याने वाचले.

गुरुवारी ९ तारखेला पुरवठादाराकडे स्थिर आयपीसाठी अर्ज केला: लेटरहेडवर पत्र, सही-शिक्का, ओळखपत्राची प्रत, आणि दर महिन्याचं जादा शुल्क मान्य असल्याचं वेगळं पत्र. पहिला अर्ज परत आला, कारण बिलावरचं नाव आणि लेटरहेडवरचं नाव एका शब्दाने वेगळं होतं. आयपी हातात पडला २१ तारखेला.

खर्चाचं म्हणाल तर मोठी बाब उपकरणांची होती. शाखांतल्या साध्या राउटरांना आयपीसेक येतच नव्हतं, दोन छोट्या फायरवॉल घ्याव्या लागल्या. घेताना माहितीपत्रकावरचा पहिला मोठा आकडा बघू नका. तो नुसत्या फायरवॉलचा वेग असतो. आयपीसेकचा वेग वेगळ्या ओळीत दिलेला असतो आणि तो बराच कमी असतो. तो आकडा तुमच्या लाइनच्या वेगापेक्षा चांगला वर हवा. आणि टनेलसाठी वेगळं लायसन्स लागतं का, वार्षिक वर्गणी संपली तर टनेल चालू राहतं का, हे दोन प्रश्न विक्रेत्याला मेलवर विचारा आणि उत्तर जपून ठेवा.

शनिवारी ११ तारखेला पहिल्या शाखेत नवी फायरवॉल लागली आणि पत्ते बदलायचे होते. आतल्या पोर्टचा पत्ता मी इथून बदलला आणि त्याच क्षणी माझ्यासमोरचं पान थिजलं. फायरवॉलमध्ये शिरायची परवानगी जुन्या पत्त्याला बांधलेली होती, आणि तो पत्ता मी नुकताच पुसला होता. नशीब, शाखेतल्या एक ताई थांबायला तयार झाल्या होत्या आणि फोनवर होत्या. "मॅडम, दिवा लुकलुकतोय, पण पान काही उघडत नाही," त्या म्हणाल्या. त्यांच्या लॅपटॉपकडे जुनाच पत्ता शिल्लक होता. केबल काढून परत लावायला सांगितली, नवा पत्ता मिळाला, पान उघडलं, आणि त्यांनी माझ्यासाठी परवानगीचा नियम एकेक शब्द विचारत टाइप केला. पाऊण तास गेला. दूरच्या उपकरणावर असला बदल करायचा असेल तर तिकडे माणूस हवाच. आणि फायरवॉलमध्ये "ठरावीक मिनिटांत कायम केलं नाही तर मागे फिर" अशी सोय असेल तर ती आधी चालू करा. आमच्यात होती, मी वापरली नव्हती. दुसऱ्या शाखेच्या वेळी वापरली.

सोमवारी सकाळी कळलं की हजेरीचं यंत्र बंद आहे. प्रिंटरांना हाताने दिलेले पत्ते मी बदलले होते, भिंतीवरचं यंत्र यादीत घ्यायचं राहून गेलं होतं.

प्रत्यक्ष टनेलला हात घालण्याआधी मी प्रत्येकासाठी एक तक्ता केला, आणि माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वात मोलाची गोष्ट तीच. टनेल म्हणजे दोन उपकरणांमधला करार. दोन्हीकडे तोच मजकूर हवा, एक अक्षरही इकडचं तिकडे चालत नाही. म्हणून दोन स्तंभ, आमची बाजू आणि समोरची बाजू, आणि खाली एकेक ओळ: सार्वजनिक आयपी, ओळख, आयकेईची (टनेलची बोलणी करण्याच्या पद्धतीची) आवृत्ती, एन्क्रिप्शन, हॅश (मजकूर वाटेत बदलला नाही याची खूण), डीएच ग्रुप (गुप्त किल्ली मिळून ठरवण्याचं गणित), पहिल्या टप्प्याचा कालावधी, मग दुसऱ्या टप्प्यासाठी पुन्हा एन्क्रिप्शन, हॅश, पीएफएसचा (दर वेळी किल्ली अगदी नव्याने ठरवण्याचा) ग्रुप, कालावधी, आणि शेवटी कुठल्या नेटवर्कला कुठल्या नेटवर्कशी बोलू द्यायचं. पहिल्या टप्प्यात दोन फायरवॉल एकमेकींना ओळखतात आणि बोलण्यासाठी सुरक्षित वाट तयार करतात. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष माहिती कशी गुंडाळायची ते ठरतं. शाखांसाठी मी आयकेई आवृत्ती २, एन्क्रिप्शनला एईएस-२५६, हॅशला शा-२५६, डीएचला ग्रुप १९ घेतलं. पहिला टप्पा २८,८०० सेकंद, दुसरा ३,६००.

कंपनीकडे शुक्रवारी १० तारखेला मेल केला होता. उत्तरादाखल त्यांचा छापील फॉर्म आला, चार पानी, आणि त्यात आधीच भरलेलं होतं: आयकेई आवृत्ती १, ३डीईएस, ग्रुप २. त्यांचा साचा जुना होता, माणसं नाहीत. आयकेईची पहिली आवृत्ती एप्रिल २०२३ मध्ये आरएफसी ९३९५ ने अधिकृतपणे निवृत्त केली आहे, एवढं नम्रपणे लिहिलं आणि आवृत्ती २, एईएस-२५६, ग्रुप १४ चालेल का असं विचारलं. दोन दिवसांनी होकार आला. मग चेंज रिक्वेस्ट (बदलाचा लेखी अर्ज), तिला क्रमांक, त्यांच्या सुरक्षा विभागाची सही, आमच्या साहेबांची सही, काही बिघडलं तर मागे कसं फिरणार याचा परिच्छेद. शिवाय त्यांनी कळवलं की १९२.१६८.१.० त्यांच्याकडे दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं आहे, त्यामुळे आमचा सर्व्हर त्यांना १७२.२७.४०.८/२९ या पट्ट्यातल्या पत्त्याने दिसला पाहिजे. म्हणजे आमच्या बाजूला पत्त्याचं भाषांतर आलं. वेळ मिळाली शनिवार २५, रात्री १० ते १२. मध्ये पंधरा दिवस. असल्या कंपनीशी टनेल करायचं असेल तर फॉर्म पहिल्या दिवशी धाडा, बाकीचं काम त्या थांबण्याच्या काळात होतं.

बुधवारी १५ तारखेला पहिल्या शाखेचं टनेल हाती घेतलं. दोन्हीकडे सगळं भरलं, "कनेक्ट" दाबलं, लाल. लॉगमध्ये "नो प्रपोजल चोझन", म्हणजे दोन्हीकडचा करार जुळला नाही. तक्ता समोर ठेवून ओळीने बघत गेले: शाखेकडे हॅशच्या जागी शा-१ राहिलं होतं. बदललं. आता "ऑथेंटिकेशन फेल्ड". ही चूक म्हणजे एका अर्थी प्रगती, करार जुळलाय आणि गाडी ओळख पटवण्यावर अडली आहे. किल्ली, म्हणजे दोन्हीकडे सारखाच भरायचा गुप्त शब्द, मी ३२ अक्षरांची घेतली होती आणि दोन्हीकडे एकाच फाइलमधून चिकटवली होती, मग चुकणार कुठे? तासभर इतर सगळं तपासलं. शेवटी दोन्ही रकान्यांतली किल्ली उघडी करून अक्षरं मोजली. एकीकडे ३२, दुसरीकडे ३३. ओळीच्या शेवटची एक मोकळी जागा सोबत आली होती. ठिपक्यांच्या आड ती दिसण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हापासून किल्ली चिकटवली की कर्सर शेवटाला नेऊन बघते.

दिवा हिरवा झाला. मी शाखेतल्या ताईंना फोन केला, त्यांनी सर्व्हर उघडून बघितला. काहीच नाही.

टनेल उभं राहणं आणि त्यातून माहिती वाहणं या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हे मला त्या दुपारी कळलं. फायरवॉलच्या स्थितीच्या पानावर प्रत्येक टनेलपुढे दोन आकडे असतात, बाहेर गेलेली पॅकेटं आणि आत आलेली. इतके दिवस मी त्यांच्याकडे बघितलंही नव्हतं. शाखेतून सतत पिंग (उत्तर येतं का हे बघणारं छोटं पॅकेट) चालू ठेवायला सांगितलं आणि इथे नजर लावून बसले. शाखेच्या पानावर बाहेरचा आकडा शून्यावरून हलत नव्हता. म्हणजे पॅकेटं टनेलमध्ये शिरतच नव्हती. कारण नॅट, म्हणजे पत्त्याचं भाषांतर. इंटरनेटला जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा पत्ता बदलण्याचा नियम सर्वात वर होता, तो टनेलच्या पॅकेटांनाही लागत होता, आणि पत्ता बदललेलं पॅकेट करारात बसत नव्हतं. टनेलच्या वाहतुकीला नॅटमधून सूट देणारा नियम त्याच्या वर टाकला. शाखेकडचा आकडा पळू लागला: ४, ९, १५. आमच्याकडे आतला आकडा तसाच वाढत होता, पण आमचा बाहेरचा शून्य. मग आमच्याकडचा नियम बघितला. शाखेकडून सर्व्हरकडे जायला परवानगी देणारा नियम मी फक्त शाखेत लिहिला होता. तो इकडेही लिहिला आणि पिंगचं उत्तर आलं.

हिरवा दिवा लागूनही काम होत नसेल तर आधी हे चार आकडे कागदावर लिहा, दोन्ही टोकांचे बाहेर आणि आत. पॅकेट कुठवर पोचतंय ते त्यातून लगेच दिसतं, मग नॅट, नियम की रूट (पॅकेटची ठरलेली वाट) हे शोधायला फार वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी शाखा. स्थिर आयपी अजून आला नव्हता, पण थांबायची गरज नव्हती. सुरुवात नेहमी शाखेनेच करायची, आणि मुख्य कार्यालयाने तिला आयपीवरून न ओळखता नावावरून ओळखायचं, असं ठेवलं. मध्ये पुरवठादाराचं नॅट असल्यामुळे वाहतूक आपोआप यूडीपी (पॅकेट पाठवण्याची एक साधी पद्धत) पोर्ट ४५०० वरून जाते. नॅट नसताना यूडीपी ५०० वर बोलणी होतात आणि माहिती ईएसपीमधून जाते. ईएसपी हा स्वतंत्र प्रोटोकॉल आहे, क्रमांक ५०. त्याला पोर्टच नसतो, त्यामुळे "पोर्ट ५० उघडा" असं कुणी सांगितलं तर त्यांना थांबवा. गप्प राहिलेलं नॅट आपली नोंद विसरतं, म्हणून दर २० सेकंदांनी एक छोटं पॅकेट पाठवायची सोयही चालू ठेवली.

टनेल पहिल्या झटक्यात उभं राहिलं. पिंग चालला, सर्व्हरची लॉगिनची चौकट आली, आणि लॉगिन केलं की पडदा काळा. छोटी फाइल यायची, मोठी अर्ध्यावर थांबायची. लाइन खराब आहे असं मला आधी वाटलं. मग पिंगच मोठा करून पाहिला, तुकडे करू नको अशी खूण लावून. साध्या लाइनवर १४७२ बाइट जायला हवेत, त्यात २८ बाइटांची शीर्षकं धरून १५०० होतात. टनेलमधून १४७२ ला उत्तर नाही. १३०० ला आलं. असं वर-खाली करत १३९४ ला आलं आणि १३९५ ला नाही. एका बाइटवर असं स्पष्ट हो-नाही मिळाल्यावर खूप हायसं वाटलं. ती लाइन पीपीपीओईची, म्हणजे पुरवठादाराकडे लॉगिन करून जोडली जाणारी, तिच्यात एका पॅकेटची हद्द मुळातच १४९२ बाइट. त्यात आयपीसेकची गुंडाळी आणि वर यूडीपीचं शीर्षक, दोन्हींना जागा लागते. दोन्ही फायरवॉलवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटात भरायच्या माहितीची कमाल मर्यादा, १३५० वर बांधला आणि काळा पडदा गेला. पिंग चालतोय, छोटं चालतंय, मोठं अडतंय, असं दिसलं की लाइनवाल्याला फोन करण्याआधी हे करून बघा.

२१ तारखेला स्थिर आयपी आला, पाच मिनिटांत बदल झाला.

शनिवार २५. रात्री दहाला कंपनीचे इंजिनियर फोनवर आले. किल्ली मेलवर पाठवायची नाही असं फॉर्ममध्येच होतं. अर्धी त्यांनी फोनवर वाचून दाखवली, उरलेली एसएमएसने आली. १० वाजून २० मिनिटांनी टनेल हिरवं, साडेदहाला त्यांच्याकडून आमचा सर्व्हर उघडला. सगळं छान. ते चेंज रिक्वेस्ट बंद करण्याची तयारी करत होते, आणि ११ वाजून २० च्या सुमाराला म्हणाले, "मॅडम, तुमचा सर्व्हर गेला."

टनेल पूर्ण बंद करून चालू केलं. लगेच आलं. आता शंका आली की हे परत जाईल, आणि घड्याळ बारा वाजताची मुदत दाखवत होतं. मी त्यांना लॉगमधली वेळ विचारली. दुसऱ्या टप्प्याचा कालावधी ३,६०० सेकंद, आणि टनेल गेलं ते उभं राहिल्यापासून तासाने. म्हणजे टनेल आपली आतली किल्ली (फोनवर घेतलेली नव्हे) नव्याने ठरवतं, त्या वेळी काहीतरी अडलं होतं. माझ्या लॉगमध्ये त्याच सुमाराला पुन्हा "नो प्रपोजल चोझन". तक्ता काढला. पीएफएसच्या ओळीत ग्रुप १४ लिहिलेलं, आणि माझ्या फायरवॉलवर ग्रुप १९. शाखांसाठी केलेला दुसऱ्या टप्प्याचा साचा मी इथेही लावला होता. चूक माझ्या बाजूची होती, आणि ती तासभर दिसली नाही याला कारण आहे. आयकेई आवृत्ती २ मध्ये दुसऱ्या टप्प्याचा पहिला करार ओळख पटवण्याच्या बोलण्यातच उरकतो, तिथे वेगळा डीएच होतच नाही. त्यामुळे पीएफएसचा ग्रुप जुळतो की नाही हे कुणी तपासतच नाही. तो पहिल्यांदा तपासला जातो किल्ली बदलताना.

ग्रुप बदलला. आता तासभर वाट बघायला वेळ नव्हता. इंजिनियरनीच सुचवलं की दोन्हीकडे कालावधी तात्पुरता ३०० सेकंद करू. पाच मिनिटं आम्ही दोघं फोनवर गप्प बसून होतो. किल्ली बदलली, पिंग एकदाही चुकला नाही. आणखी एकदा बदलू दिली. ११ वाजून ५१ ला कालावधी परत ३,६०० केला आणि त्यांनी रिक्वेस्ट बंद केली. तेव्हापासून माझ्या तक्त्यात शेवटची ओळ वाढली आहे: "किल्ली निदान दोनदा बदललेली पाहिली का?" ती भरल्याशिवाय मी कुणालाही झालं म्हणून कळवत नाही.

पुढचे तीन दिवस नुसतं लक्ष ठेवलं. तिन्ही टनेलचे आकडे सकाळ-संध्याकाळ लिहून काढले, प्रत्येक फायरवॉलचा नवा बॅकअप घेतला, तक्ते छापून साहेबांकडे एक प्रत दिली. किल्ल्या त्या प्रतीत नाहीत, त्या पासवर्डच्या तिजोरीत आहेत.

बुधवारी २९ तारखेला सकाळी शाखांना आणि कंपनीला फोन करून विचारलं, सगळे टनेलमधूनच येत होते. ११ वाजून ४० मिनिटांनी ३३८९ चा नियम काढून टाकला. मोबाइलच्या इंटरनेटवरून बाहेरून जोडून पाहिलं, उत्तर आलं नाही. मग सर्व्हरवर तोच सुरक्षेचा लॉग उघडला. फसलेल्या लॉगिनची सर्वात वरची नोंद ११ वाजून ३९ मिनिटांची होती, नाव बॅकअप. संध्याकाळी घरी जाण्याआधी पुन्हा उघडला, सर्वात वर तीच होती.